माझ्या गाडीची धाप

रामाकोन्याच्या पुढे घाट लागला की माझ्या गाडीचा चेहराच पडायचा. सौंसरपासून तिथवर ती खुशाल पळायची आणि पहिलं वळण दिसलं की पाय ओढायला लागायची. तिसरा गिअर धरायचाच नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा मागून काळा धूर निघायचा, पुढे मात्र काही हालचाल नाही. मग नाक मुठीत धरून दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची. तेवढ्यात मागून छिंदवाड्याची बस हॉर्न मारत यायची, आम्हाला मागे टाकायची आणि खिडकीतली माणसं वळून वळून माझ्याकडे बघायची. माझे कान तापायचे.

"इले धाप लागून राहिली व," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणायच्या. शेजारी नवरा बसलेला असायचा. नुसता हसायचा, आणि त्या हसण्याचा मला जास्त राग यायचा.

नवऱ्याचं सौंसरला कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं, पंप, पाइप असं सगळं. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते. इतकी वर्षं बसने जात होते. चाळिशी ओलांडल्यावर एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि तिच्यावरच चालवायला शिकले. शिकताना आमच्याच फाटकाचा खांब वाकवला, शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत जाऊन आले, पण शिकले. पहिल्यांदा एकटी पांढुर्ण्याला पोचले तेव्हा शाळेच्या आवारात गाडी बंद करून तशीच बसून राहिले होते, कारण उतरावंसंच वाटत नव्हतं. त्या दिवसापासून ड्रायव्हरची सीट माझी झाली.

आता नवरा म्हणत होता, गाडी बदलू. मोठी घेऊ, नवी घेऊ, बिनगिअरची घेऊ. "तुले गिअरचा तापच नाई," वर हेही. मी काय त्याला ओळखत नाही? आमच्या घरात नवीन टीव्ही आला तेव्हा रिमोट कितीतरी दिवस त्याच्या उशीखाली होता. नवी गाडी आली असती तर 'थोडी रुळू दे', 'थोडं ओरखड्याचं भय जाऊ दे' असं म्हणत किल्ली त्याच्या खिशात गेली असती. मी पुन्हा शाळेच्या वेळेला बस स्टँडवर आणि सणावाराला मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन. ही जुनी गाडी गेली की माझी सीट गेली, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून मी त्याला सासूबाईंच्या देखत बांधून घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दरवर्षी छिंदवाड्याला नणंदेकडे सोनं द्यायला, म्हणजे आपट्याची पानं द्यायला जातो. त्या दिवशी भरल्या गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये सगळा घाट चढला तर गाडी राहील. नाही चढला तर शोरूमवाल्याला त्याने वरूनच फोन करावा.

"मंजूर," तो म्हणाला, आणि पुन्हा तसाच हसला.

मला गाड्यांतलं काय कळत होतं? डिझेल कुठे घालतात आणि वायपर कुठून चालू होतो, एवढंच. पण चीड आली की माझ्या अंगात बळ येतं. एका रविवारी मी बोनेट उघडलं आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून बघायला लागले. काळा धूर म्हणजे इंजिनाला डिझेल मिळतंय, पण हवा मिळत नाही, असं त्यातला माणूस सांगत होता. हवा! मला तोवर वाटायचं गाडी डिझेलवर चालते. हवेचा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता. मी फिल्टरचा काळा डबा शोधला, त्याच्या क्लिपा उचकटल्या आणि आत पाहिलं.

आईशप्पथ, आत एक अख्खी गादी होती! पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोरून जाताना हवेत उडणारी ती पांढरी रुई, कच्च्या रस्त्याची लाल धूळ, मेलेले किडे, संत्र्याची दोन वाळकी पानं, सगळं एकावर एक बसून घट्ट झालं होतं. मूळचा कागद कुठे दिसतच नव्हता. मी तो फिल्टर हातात घेऊन ओरडतच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पीठ चाळत होत्या. त्यांनी एकदा फिल्टरकडे पाहिलं आणि एकदा हातातल्या चाळणीकडे.

"चाळणी गच्च झाली त पीठ कुठून पडंन बापा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चाळायला लागल्या.

झालं, मला गाडीच्या हवेचं वेडच लागलं. नवा फिल्टर टाकायचा तर कोणता? साधा कागदी, की धुऊन पुन्हा वापरता येणारा तेल लावलेला सुती, की डबाच काढून उघड्यावर बसवायचा तो शंकूसारखा? मधल्या सुट्टीत सगळ्या बाया साड्या बघत, मी मोबाईलवर फिल्टर बघायची. सुती फिल्टरवर तर माझा जीवच जडला होता. कापसाच्या गावात कापसाचा फिल्टर! पण पांढुर्ण्याच्या माझ्या मेकॅनिकचं मत वेगळं होतं. हा मोठा शौकीन माणूस. डोळ्यांवर काळा चष्मा, गॅरेजात मोठ्याने गाणी, आणि गाडी कसलीही असो, तिचा आवाज वाढवून द्यायची हौस.

"मॅडम, इले डब्यात काहून कोंडून ठेवली?" तो म्हणाला. "खुल्ली हवा द्या. कोन लावतो, मंग पाहा मजा."

आणि खरंच मजा आली! डबा निघाला, त्या जागी लालभडक, चकचकीत शंकू बसला, तोही तेल लावलेल्या सुताचाच. गाडी सुरू केली, पाय दाबला, आणि पुढून असा 'सूंऽऽ' आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा दाबला. पुन्हा 'सूंऽऽ'. मेकॅनिक टाळ्या वाजवत होता. सौंसरला येईपर्यंत मी वाटेतल्या प्रत्येक ट्रॅक्टरला तो आवाज ऐकवला. चांगली शिकलीसवरलेली बाई मी, पण त्या दिवशी काही विचारू नका.

"कुकर लावून आली काय?" फाटकात नवऱ्याने विचारलं. जळू दे, म्हटलं.

पण घाटाने माझी जिरवली. दुपारच्या उन्हात एकटीच चाचणी घ्यायला गेले. गाडी रिकामी असूनही पहिल्या दोन वळणांतच तिसरा सुटला. आवाज मात्र झोकात येत होता. मी कडेला थांबून बोनेट उघडलं, तर आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. शंकूजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. इंजिनाच्या शेजारीच उघड्यावर बसून तो बिचारा इंजिनाचीच तापलेली हवा ओढत होता. तापलेली हवा विरळ असते, हे मी सातवीच्या मुलांना दरवर्षी शिकवते! वर त्याच्या तेलकट सुतावर जिनिंगची रुई अशी चिकटली होती की त्याला पांढरी दाढी आली होती. मी घाटात एकटीच उभी राहून मोठ्याने हसले. मग जरा रडूही आलं, कारण दसरा तोंडावर होता.

घरी येऊन मी काढून ठेवलेला जुना डबा पुन्हा हातात घेतला आणि या वेळी नीट पाहिला. हवा आत घेणारं त्याचं नळकांडं मधेच तुटलेलं होतं. म्हणजे गाडी पहिल्यापासूनच, कोण जाणे किती दिवस, बाहेरची थंड हवा सोडून बोनेटखालची गरम हवा पीत होती. फिल्टर गच्च आणि वर हवा गरम. धाप लागणार नाही तर काय होईल?

मग मी ठरवलं. डबा मूळचाच ठेवायचा. आत साधा कागदी फिल्टर, नवा कोरा. सुतीवरचं प्रेम आवरलं. आमच्या धुळीत तो सारखा धुवा, वाळवा, तेल लावा, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. शिवाय कागदी फिल्टरच्या घड्या मी बोटांनी उलगडून पाहिल्या तेव्हा कळलं, पसरला तर एक लुगडंभर तरी भरेल तो. एवढ्याशा डब्यात एवढी मोठी चाळणी! उरला प्रश्न नळकांड्याचा. ते पार पुढे, जाळीच्या मागे न्यायचं, म्हणजे गाडी पळेल तशी समोरची थंड हवा आत येईल. शिवाय उंचावर ठेवायचं, म्हणजे रस्त्यावरचं पाणी त्यात शिरणार नाही. आणि तोंडाला तारेची जाळी, पालापाचोळ्यासाठी.

तसा रुंद, न चेपणारा पाइप कुठे मिळावा? मी नवऱ्याच्या दुकानात गेले. तिथे विहिरीवरच्या पंपाला लावतात तो कड्याकड्यांचा हिरवा सक्शन पाइप टांगलेला होता. पाणी ओढतानाही जो आत दबत नाही तोच तो! डब्याच्या तोंडाला लावून पाहिलेल्या बांगडीनेच मी त्याचा व्यास मोजला, तर बरोब्बर बसला.

"एवढासा तुकडा? काय करतं याचं?" नवऱ्याने विचारलं.

"शाळेत लागते," मी म्हटलं. विज्ञानाचंच काम होतं, काही खोटं नव्हतं. त्याने करवत घेऊन स्वतःच्या हाताने तुकडा कापला, टोकं घासून गुळगुळीत केली आणि कागदात गुंडाळून दिला. मी दुकानातून बाहेर पडेपर्यंत हसू दाबून धरलं.

मेकॅनिक आधी रुसला. लाल शंकू उतरवताना त्याचं तोंड एवढंसं झालं. पण हिरवा पाइप बसवता बसवता त्यालाही रंग चढला. आपणच जाळीची टोपी बनवली, आपणच पट्ट्या आवळल्या, आणि शेवटी चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "आयडिया माहीच होती म्हणा सगळ्याइले." मी बरं म्हटलं. परतीच्या वाटेवर गाडीने कसलाच आवाज केला नाही. ती नुसती पळत होती. पाय ठेवला की पुढे, ठेवला की पुढे! मोहगावच्या बाजूचा चढ आला कधी आणि गेला कधी ते कळलंसुद्धा नाही. स्टिअरिंगवर थापा मारत मी एकटीच 'हो, हो, हो' करत होते.

दसऱ्याला गाडी धुतली. सासूबाईंनी ओवाळलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या परसातला झेंडू त्या वर्षी दाट फुलला होता. त्यांनी सकाळपासून बसून हार ओवला, माझ्या मनगटाएवढा जाड. तो गाडीच्या नाकावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळीने आवळून बांधला. "कशी नवरीवानी दिसून राहिली," त्या म्हणाल्या. खरंच दिसत होती. मी फोटो काढला. कौतुकाच्या भरात माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी चालवत होते, शेजारी नवरा. मागे सासूबाई, त्यांच्या बाजूला आंबिया बहाराच्या संत्र्यांचं कॅरेट, पायाशी डबे आणि पिशव्या. रामाकोना मागे पडलं.  मनात म्हटलं, आज बघाच तुम्ही.

घाट लागला. तिसरा टाकला. पहिलं वळण आलं आणि गाडीने मान टाकली.

मला खरं वाटेना. पाय तळाशी टेकला, आणि आरशात तोच काळा धूर. चढताना गाडी हादरायला लागली. दुसरा टाकावा लागला, आणि तोही रडतखडत. शेवटी मी एका रुंद जागी गाडी कडेला घेतली.  मागून तीच मेली छिंदवाड्याची बस आली आणि हॉर्न मारून पुढे गेली.

"उतर," नवरा म्हणाला, तसा प्रेमानेच. "वरपर्यंत मी नेतो. ठरलं होतं नं आपलं?" आणि त्याने दार उघडायला हात घातला.

"मी नाई उतरत," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की तो दचकला. "म्हणजे उतरतो, पण बोनेट उघडाले. तुम्ही बसा जागेवर."

मी समोर आले आणि सगळं एका क्षणात दिसलं. वाऱ्याने हार आत ढकलला होता. हिरव्या पाइपाचं तोंड जाळीच्या मागे तिथेच होतं, आणि त्यावर ओला, जड झेंडू खेचला जाऊन झाकणासारखा बसला होता. तारेची जाळी पाकळ्यांनी भरून गेली होती. गाडी बिचारी सगळ्या वाटेने फुलं ओढत होती! मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच उडी मारली. पाइप चुकला नव्हता. मी चुकले नव्हते. पण हाराला हात लावायला गेले आणि थबकले. पूजेचा हार, म्हाताऱ्या बाईने सकाळपासून बसून ओवलेला. तो कसा तोडायचा?

तोवर सासूबाई दार उघडून खाली आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं, जाळीवरची एक पाकळी बोटाने काढली आणि पाइपात डोकावल्या.

"इथून घेते व्हय ही श्वास?"

"हो, आई."

"मंग सांगाचं नाई?" त्यांनी सुतळीची गाठ दातांनी सोडली. "देवाच्या गळ्यात घातला त चालते. देवाले धाप नाई लागत." हार सगळा काढून त्यांनी हातावर गुंडाळला, आणि पदराच्या टोकाने जाळी पुसून दिली, लहान मुलाचं नाक पुसतात तशी.

नवरा तोपर्यंत बाहेर येऊन उभा होता. त्याचं लक्ष हिरव्या पाइपावर गेलं. तो खाली वाकला, त्या घासलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. "हा त माह्या दुकानातला आहे," तो म्हणाला.

"तुम्हीच कापला," मी म्हटलं.

"तरी तिसरा सुटला. ठरलं थे ठरलं," तो म्हणाला, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

"तिचं नाक मी दाबलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "नाक दाबून कोणाले पळवते काय गा? सुनबाई, खाली घे गाडी. पुन्हा पयल्यापासून चढव."

"आई, तिकडे ताई जेवणासाठी वाट पाहून राहिली," नवरा म्हणाला.

"पाहू दे."

मी गाडी वळवून खाली घाटाच्या पायथ्याशी आणली. पुन्हा वळवली. तिसरा टाकला आणि सोडली. पहिलं वळण! आली वर, कुरकुर न करता. दुसरं वळण! पाय अजून अर्धाच दाबलेला. नवऱ्याने वरचं हँडल धरलं होतं आणि तो आरशात मागे बघत होता, धूर दिसतो का म्हणून. धूर नव्हता. मी गात नव्हते एवढंच. आणि तेवढ्यात वळणापलीकडे संत्र्यांचा एक भरलेला ट्रक, मुंगीच्या पावलांनी चाललेला.

 वळणावर ओलांडायचं नाही, ते मी कधीच करत नाही. मागे राहायचं तर वेग मरणार. मी मागे राहिले. गाडी हळू झाली, आणखी हळू, इंजिन घुमायला लागलं, गिअरचा दांडा माझ्या हाताखाली थरथरायला लागला. "दुसरा टाक," नवरा पुटपुटला. मी नाही टाकला. सासूबाई मागून कसलंसं स्तोत्र म्हणत होत्या, मधेच थांबून "ये बापा, ये बापा" म्हणत होत्या. वळण संपलं, सरळ रस्ता दिसला, ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खुणावलं. मी पाय दाबला. एक क्षणभर काही झालं नाही. मग गाडीने छाती भरून हवा घेतली, अगदी सीटमधून कळली मला ती, आणि तिसऱ्यातच ट्रकच्या बाजूने सुर्रकन वर गेली.

वर पोचलो तेव्हा मी काय काय ओरडले ते आठवत नाही. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. माकडं झाडावर पळाली. वर चहाची टपरी आहे तिथे मी गाडी लावली, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला लाज वाटली नाही.

नवऱ्याने फोन काढला.  "नाई भाऊ, राहू द्या सध्या," तो कुणाला तरी सांगत होता. "घरची आहे नं. चांगली चालून राहिली." फोन खिशात ठेवून तो समोर गेला, वाकून पुन्हा एकदा तो पाइप बघून आला. मग त्याने गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, आणि बसला मात्र नाही.

"आई," तो म्हणाला, "तू बस समोर. मी बसतो मांगं संत्र्याजवळ."

इतक्या वर्षांत आधी सासऱ्यांच्या जीपमध्ये, मग माझ्या नवऱ्याच्या आधीच्या गाडीत आणि मग माझ्या गाडीत, सासूबाई कधी पुढे बसल्या नव्हत्या. त्या संकोचल्या, पदर सारखा केला, हातावरचा झेंडूचा हार मांडीवर घेतला आणि बसल्या. समोरची एवढी मोठी काच, तिच्यातून दिसणारा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंची सागाची झाडं, हे सगळं त्या मान हलवत बघत होत्या. मी गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा. दांड्यावर माझा हात होता. त्यांनी आपला हळद लागलेला हात हळूच माझ्या हातावर ठेवला.

"हाच का व थो तिसरा?"

"हो, आई. हाच."

त्यांनी हात काढला नाही. थोडा वेळ तशाच बसल्या, दांड्याची थरथर हातात घेत.

"मंग आता चौथा टाक नं," त्या म्हणाल्या. "तिकडे पोरगी जेवाची थांबली आहे."